सोरायसिस, लो मेडिकल कॅटेगरी आणि 'बोर्ड आउट' : मिस्टरांना काय सांगू?

चंदगडची_सून

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे मिस्टर पायदळात नाईक आहेत. २०१४ ची भरती, म्हणजे सर्विस अकरा वर्षं झाली. तिसऱ्या पोस्टिंगला उंचावर बर्फात होते. तिथून सुट्टीवर आले तेव्हा दोन्ही कोपरांवर आणि नडगीवर रुपयाएवढे लाल चट्टे, त्यावर पांढरे खवले. आम्हाला वाटलं थंडीनं कातडी फुटली. सासूबाईंनी करंजाचं तेल लावलं. सहा महिन्यांत कमरेला जिथे बेल्ट बसतो तिथे आले, टाचेवर जिथे बूट घासतो तिथे आले, मग डोक्यात. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सोरायसिस निघाला. आधी टेम्पररी कॅटेगरी, आता पर्मनंट पी-टू. उंचीवर पाठवत नाहीत, स्टोअरला बसवलंय. हवालदारकीचं काडर, म्हणजे बढतीचा कोर्स, राहिलं ते राहिलंच.

गेल्या महिन्यात घरी होते. पहाटे चारला जाग आली तर शेजारी नाहीत. मागच्या अंगणात अंधारात चादर झटकत उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "बॅरेकमध्ये सवय लागली. कुणी उठायच्या आत झटकून घ्यायची."

आता म्हणतात, बास झालं, बोर्ड आउट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाकडून अयोग्य ठरून, घरी येतो. सासरे म्हणतात अजून चार वर्षं कळ काढ, पंधरा भरली की हक्काची पेन्शन. शेत सव्वा एकर, थोडी काजूची झाडं. मुलगी यंदा पहिलीत गेली.

कातडीच्या आजारावर बोर्ड आउट होता येतं का? पेन्शन बसते का? आणि मी त्यांना ये म्हणू की थांब म्हणू? ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी कृपया लिहा.

मधुमालती

ताई, चादरीचं वाचलं आणि पुढचं वाचवेना. जाणकार येतीलच. धागा वर काढते.

निवृत्त_सुभेदार

सूनबाई, युनिटचं नाव आणि ठिकाण लिहिलं नाहीस हे फार चांगलं केलंस. पुढेही लिहू नकोस, कुणी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं तरी सांगू नकोस.

मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा कंपनीच्या कागदांत. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. फौजेत तब्येतीचा हिशोब 'शेप' या पाच अक्षरांवर चालतो : मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे. प्रत्येकाला एक ते पाच आकडा. सगळीकडे एक म्हणजे शेप-वन, कुठेही पाठवा. कातडी 'पी'मध्ये येते. पी-टू म्हणजे नोकरी चालू, पण काही बंधनं. पाच म्हणजे नोकरीला कायमचा अयोग्य. टेम्पररी कॅटेगरी काही आठवड्यांची असते, पर्मनंट झाली की साधारण दर दोन वर्षांनी पुन्हा बोर्ड बसतं.

आता खरी गोष्ट. बोर्ड आउट मागून मिळत नाही. जवानानं अर्ज केला आणि डॉक्टरांनी सोडलं असं नसतं. इनव्हॅलिडिंग बोर्ड बसायला स्पेशालिस्टनं लिहावं लागतं की हा माणूस आता कुठल्याच ड्युटीला उपयोगाचा नाही. सोरायसिसचा पी-टू जवान स्टोअरला, क्लार्कीला, सेंटरला चालतो, म्हणून त्याला सहसा ठेवूनच घेतात. त्याला वाटतं 'मला नको झालंय', पण बोर्ड ते विचारत नाही.

एक काम आजच कर. त्याला फोन करून सांग, कसल्याही कागदावर घाईनं सही करू नकोस. विशेष करून 'अनविलिंग'वर.

कागदोपत्री

सुभेदारसाहेबांच्या शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारा.

मी वकील आहे, सैन्य न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीच्या मुंबई पीठापुढे, पेन्शनची प्रकरणं चालवतो. इथलं लिखाण म्हणजे सल्ला नव्हे, तरी मूळ गोष्ट सगळ्यांना कळलीच पाहिजे : बाहेर कुठल्या दारानं पडलात त्यावर पेन्शन ठरते. दारं तीन.

पहिलं, स्वतःचा अर्ज. घरगुती अडचण दाखवून नाव कापून घेणं. पंधरा वर्षं भरलेली नसतील तर सर्विस पेन्शन नाही. अकराव्या वर्षी या दारातून येणं म्हणजे हातचं सगळं टाकून येणं.

दुसरं, कॅटेगरीतल्या माणसाला युनिट विचारतं, हलक्या कामावर राहायला तयार आहेस का? तो 'तयार नाही', म्हणजेच 'अनविलिंग', लिहून देतो. इथे पुढचे सगळे वाद सुरू होतात, कारण पेन्शनवाले म्हणतात हा स्वतःहून गेला. याउलट तो तयार असूनही त्याच्याजोगं काम नाही म्हणून काढलं, तर नियमानं तो आजारापायी बाहेर काढलेलाच धरला जातो. एका शब्दाचा फरक.

तिसरं, इनव्हॅलिडिंग बोर्ड. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली राजपाल सिंग प्रकरणात सांगितलं की कॅटेगरीमुळे जवानाला काढायचं तर याच बोर्डाच्या शिफारशीनं काढा. या दारानं आलेल्याचा आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीनं वाढला असं मान्य झालं, तर सर्विस एलिमेंट (पेन्शनचा नोकरीचा भाग) अधिक डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग) मिळतं, त्याला किती वर्षं झाली हे आडवं येत नाही. मान्य नाही झालं तरी दहा वर्षांच्या वर सर्विस असल्यानं इनव्हॅलिड पेन्शन बसते. ताईंचे मिस्टर दहाच्या पुढे आहेत, ही जमेची बाजू.

आकडेही सांगतो. डिसॅबिलिटी एलिमेंट शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. बोर्डातून बाहेर काढलेल्याचे पन्नासच्या आतले टक्के पन्नास धरतात. म्हणजे शेवटच्या पगाराच्या १५ टक्के.

घाटावरचा

म्हणजे सासरे बरोबरच म्हणतात. चार वर्षं काय, डोळे मिटून जातील. स्टोअरलाच बसवलंय ना? सावलीतलं काम, शिधा, पगार, सीएसडीचं कॅन्टीन. माझा चुलतभाऊ नऊ वर्षांत सोडून आला, आज पुण्यात सिक्युरिटीत बारा तास उभा असतो. पेन्शनशिवाय यायचं नाही.

टेंभलाईवाडी

घाटावरचा, चार वर्षं तुमची मिटतील हो. ज्याची कातडी रोज रात्री गादीत सांडते त्याची नाही मिटत.

मी स्वतः या आजारातून गेलोय, म्हणून लिहितोय. मी आर्टिलरीत होतो. माझ्या टाळूवर आणि पाठीवर होता. पाठीवरच्या पिट्टूचा पट्टा जिथे रुततो तिथे दोन्ही खांद्यांवर पट्ट्याच्याच आकाराचे चट्टे. लंगरमध्ये बसलो की शेजारचा ताट उचलून सरकायचा. कुणी वाईट बोलायचं नाही, नुसतं सरकायचं. एकदा नव्या पोरानं माझ्यानंतर ब्लँकेट घ्यायला नकार दिला, तर आमच्या बीएचएमनी (बॅटरी हवालदार मेजर) ते ब्लँकेट स्वतः रात्रभर पांघरलं आणि सकाळी हजेरीच्या फॉलइनमध्ये शर्टाची बाही वर करून सगळ्यांना हात दाखवला. बोलले काहीच नाहीत. त्या दिवसापासून ताटं सरकायची थांबली. देव भलं करो त्या माणसाचं.

मी पंधरा पुरी करून आलो. पण शेवटची तीन वर्षं मी दारू लागलेला माणूस होतो, हेही लिहायलाच पाहिजे. पेन्शन मिळाली, बायको दोन वर्षं माहेरी होती. तेव्हा नुसतं 'कळ काढ' म्हणू नका. त्याला विचारा, झोप लागते का, एकटा बसतो का.

डॉ_सांगलीकर

त्वचारोगतज्ज्ञ आहे. फौजेतली नाही, पण सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दवाखाना म्हणजे आठवड्याला एखादा जवान सुट्टीत दाखवून जातोच.

सोरायसिस संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवा, एका चादरीत झोपा, लागत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते. नवी कातडी महिन्याभराच्या ऐवजी काही दिवसांतच वर ढकलली जाते, तेच खवले.

चंदगडची_सून, बेल्ट आणि बुटाचं तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. कातडी जिथे घासते, दाबते, खरचटते तिथे नवे चट्टे उमटतात, या गोष्टीला 'कोबनर' म्हणतात. टेंभलाईवाडींच्या खांद्यांचंही तेच. थंड कोरडी हवा, उन्हाचा अभाव, घशाचा संसर्ग, ताण, दारू यांनी आजार उसळतो. मलेरियाची क्लोरोक्विनसारखी गोळी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यासुद्धा भडका उडवतात. हे सगळं त्यांच्या मेडिकल कागदांत नीट उतरलेलं असणं महत्त्वाचं, वकीलसाहेब कारण सांगतीलच.

आता मला दोन गोष्टी सांगा. गोळी कुठली चालू आहे? आणि सकाळी उठल्यावर त्यांची बोटं किंवा टाचा आखडतात का? नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे आहेत का?

रानवारा

आमच्या गावाजवळ एक वैद्य पुड्या देतात, दोन महिन्यांत कातडी लख्ख. व्यनि करा, पत्ता देतो.

डॉ_सांगलीकर

रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया पत्ता देऊ नका. ज्या पुडीवर नाव नाही आणि जिनं आठ दिवसांत गुण येतो, तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. पुडी थांबली की आजार दुपटीनं उलटतो. डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेला, हुडहुडी भरलेला रुग्ण मी अशा पुड्यांनंतरच पाहिलाय. तो जीवघेणा प्रकार आहे.

कागदोपत्री

डॉक्टरांनी कागदांचं म्हटलं, त्याचं कारण असं. बोर्ड बहुतेक वेळा लिहून मोकळं होतं की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीनं वाढलाही नाही, घडणीतलाच आहे. मग आपण २०१३ च्या धरमवीर सिंग निकालावर उभे राहतो : भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलं, तेव्हा कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर नंतर झालेला आजार नोकरीमुळेच धरायचा आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. सोरायसिस असलेल्या जवानांना या आधारानं न्यायाधिकरणातून पेन्शन मिळालेली आहे. पण हमी नाही. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयानं बोर्डाच्या मताला वजन दिलं आणि जवान हरला. तिथे आजार मनाचा होता, हे खरं. शिवाय २०२३ पासून पेन्शनच्या पात्रतेचे नवे नियम आलेत, त्यामुळे जुन्या निकालांवर विसंबून उडी मारू नका.

म्हणून पुरावा लागतो. पहिला चट्टा कुठल्या पोस्टिंगवर, कुठल्या तारखेला एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, दाखवला, ते सिक रिपोर्टमध्ये (आजारपणाच्या नोंदीत) हवं. बोर्डाच्या फॉर्ममध्ये एक भाग सीओंनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनी, भरायचा असतो, तिथे उंचीवरच्या ड्युटीचा उल्लेख हवा. प्रत्येक बोर्डाच्या कागदाची प्रत मागून घरी ठेवा. नकार आलाच तर अपिलाला सहा महिने असतात. उशीर झाला तर दार बंद होत नाही, पण थकबाकी सहसा मागच्या तीनच वर्षांची मिळते.

स्पष्टवक्ता

राग येईल काहींना, पण विचारतो. सुरुंगावर पाय गेलेल्या जवानाला अपंगत्व पेन्शन आणि चट्टे उठलेल्यालाही अपंगत्व पेन्शन? करदात्याचा पैसा आहे.

टेंभलाईवाडी

स्पष्टवक्ता, माझा दोस्त सुरुंगावर गेला. त्याचा पाय गुडघ्याखाली नाही. गेल्या दिवाळीत त्याच्याच घरी होतो. त्यालाच विचारलं होतं हे. तो म्हणाला, "माझा पाय एकदाच गेला, तुझी कातडी रोज जाते." दोघांना समान टक्के कुणी देत नाही. त्याची पेन्शन वेगळी, माझी वेगळी. पण सोळा हजार फुटांवर पाठवताना धडधाकट म्हणून पाठवलं आणि परत घेताना म्हणायचं हे तुझ्या रक्तातच होतं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

निवृत्त_सुभेदार

दोघांनाही सांगतो, खोटे लोकही पाहिलेत. पाठ दुखते म्हणून कॅटेगरी लावून घेतलेला आणि गावच्या जत्रेत कुस्ती खेळताना सापडलेला. अशानं खऱ्या आजाऱ्याकडे डॉक्टर संशयानं बघतात. पण सोरायसिसचं सोंग आणता येत नाही. कातडी उघडी असते.

राजर्षीनगर_ते_न्यूजर्सी

थोडं विषयांतर. माझ्या मेव्हण्याचा मुलगा अमेरिकी सैन्यात होता, त्यालाही हाच आजार. तिकडे माजी सैनिकांच्या खात्याचा हिशोब किती कातडी व्यापली त्यावर : ५ ते २० टक्के अंगावर असेल तर १० टक्के अपंगत्व, २० ते ४० ला ३०, त्याच्यावर ६० टक्के. बाहेर काढताना ३० टक्क्यांच्या खाली असेल आणि वीस वर्षं झालेली नसतील तर एकरकमी पैसे देऊन निरोप, ३० किंवा वर असेल तर वैद्यकीय निवृत्ती. मुलगा एकरकमीवाला निघाला. पैशापेक्षा त्याला वर्दी गेल्याचं दुःख जास्त होतं, वर्षभर कुणाशी धड बोलला नाही. तेव्हा तुमचे मिस्टर परत आले तर तेही मनात धरा.

अपर्णा_ताई

सुभेदारसाहेब, 'एक्सक्यूज बूट' म्हणजे काय हो? माझे वडील फार सांगायचे.

निवृत्त_सुभेदार

अपर्णाताई, जुनी आठवण काढलीत. पायाला फोड, इसब, भेगा असतील तर डॉक्टर चिठ्ठी देतात, अमुक दिवस बूट माफ. आमच्या कंपनीत एक चिपळूणचा पोरगा होता. चिठ्ठी मिळाल्यावर कॅनव्हास घालून परेडला उभा. नव्या साहेबांनी खाली बघितलं, वर बघितलं. पोरानं सॅल्यूट ठोकून खिशातून चिठ्ठी काढली, ती पावसानं भिजून लगदा झालेली. साहेबांनी लगदा हातात घेतला, म्हणाले, "शाई वाहिली असेल, पाय तर दिसतोय." आणि पुढे गेले. तो पोरगा पुढे त्यांचा बडी, म्हणजे सोबतचा मदतनीस, झाला, साहेब बदलून जाताना ढसाढसा रडला.

चंदगडची_सून

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री फोनवरून यांना वाचून दाखवले. मध्येच थांबवून ब्लँकेटची गोष्ट दोनदा वाचायला लावली.

डॉक्टर, गोळी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड. रक्ताच्या तपासण्या वेळेवर होतात. नखांवर खळगे आहेत. आणि बोटं आखडतात. मला माहीतच नव्हतं. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा पलीकडून काहीच आवाज येईना. मग म्हणाले, वर्ष झालं, सकाळी अर्धा-पाऊण तास मूठ वळत नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो म्हणून सगळ्यांच्या आधी उठतात. चादर झटकायला चारला उठतात असं मला वाटत होतं, त्यात हेही होतं. डॉक्टरांना सांगितलं नाही, का तर "कॅटेगरी अजून खाली जाईल, स्टोअरचंही काम काढतील."

डॉ_सांगलीकर

ताई, मला हीच भीती होती. सोरायसिस असलेल्यांत साधारण पाचात एकाला सांध्यांचा आजार जडतो. नखं खराब असतील तर शक्यता आणखी वाढते. चट्टे बरे होऊन कातडी पहिल्यासारखी होऊ शकते, पण सांधा एकदा झिजला की परत येत नाही, आणि झीज महिन्यांत होते. पुढच्या बोर्डाची वाट बघू नका. याच आठवड्यात सिक रिपोर्ट करून सांधेतज्ज्ञांकडे पाठवा म्हणावं. नुसत्या मेथोट्रेक्सेटनं भागलं नाही तर पुढची इंजेक्शनं आहेत, सर्विसमध्ये असताना ती फौजेच्या हॉस्पिटलातून मिळू शकतात. बाहेर त्यांचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. आणि तोवर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, मेथोट्रेक्सेटसोबत त्या किडनीला महाग पडू शकतात.

घाटावरचा

ताई, मी काल जे लिहिलं ते मागे घेतो. मूठ वळत नसलेल्या माणसाला मी सावलीतलं काम म्हणालो.

कागदोपत्री

दुखणं लपवून कॅटेगरी वाचत नाही, उलट पुरावा बुडतो. उद्या सांध्यांमुळेच बाहेर पडायची वेळ आली तर बोर्ड विचारेल, वर्षभर तक्रार कुठे आहे? आजपासून नोंद झाली तर निदान आजपासून आहे.

आणि एक, बाहेरच्या जगासाठी. सोरायसिस २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही. फौजेचं अपंगत्व आणि सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी. पेन्शनसह मेडिकलवर बाहेर आला तर माजी सैनिक म्हणून राज्य सरकारी नोकऱ्यांतल्या १५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्डही मिळतं. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला विसरू नका.

मधुमालती

ताई, पुढे काय झालं ते लिहाल ना?

चंदगडची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. काजूच्या बागेची साफसफाई आणि मुलीचा ताप दोन्ही एकदम आलं.

हे दुसऱ्याच दिवशी सिक रिपोर्टला गेले. आरएमओ साहेबांनी (युनिटच्या डॉक्टरांनी) मूठ वळवायला लावली, नखं बघितली आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलला रेफर केलं. ॲडमिट आहेत. हाताचे एक्स-रे झाले, दोन बोटांच्या सांध्यांना सूज धरलीय, हाडाची झीज अजून नाही. इंजेक्शन सुरू करायचं ठरलंय, त्याआधी टीबीची तपासणी चालू आहे. बोर्ड उपचाराचा गुण बघून बसेल. सुभेदारसाहेब, 'अनविलिंग'चा कागद स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये खरंच भरून ठेवला होता यांनी, तारीख तेवढी टाकायची होती. फाडला म्हणाले.

सासऱ्यांना मी बोटांचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः फोन लावला आणि यांना म्हणाले, पंधराचं माझं म्हणणं राहू दे, डॉक्टर ठेवतील तर राहा, पाठवतील तर ये, काजूला माणूस लागतोच.

कागदोपत्री दादा, २०२१ पासूनचे सगळे कागद यांच्या ट्रंकेत आहेत, फक्त पहिल्या सिक रिपोर्टची प्रत नाही. ती कुणाकडे मागायची, युनिटकडे की रेकॉर्ड ऑफिसकडे?

कागदोपत्री

आधी युनिटकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. महिन्यात उत्तर नाही आलं तर रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात. मसुदा व्यनित पाठवतो, नंबर-रँक तेवढं भरा.